दिवाळी अंकांची सूची: प्रकल्प नोंदी, जून ते सप्टेंबर २०२४

१ जून २०२४, शनिवार

आजपासून काम सुरू. वाचनालयाच्या माळ्यावर तीन लोखंडी कपाटं आहेत, त्यांत दिवाळी अंक. रत्नागिरी जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावचं हे सार्वजनिक वाचनालय, आणि मी शाळेत असल्यापासून इथली सभासद. दिवाळी अंकांची परंपरा १९०९ साली 'मासिक मनोरंजन'पासून धरतात. इतकं जुनं आमच्याकडे काही नाही, पण साठच्या आणि सत्तरच्या दशकांतले अंक जवळपास सलग आहेत. अंकातल्या कथा-कविता पुढे निदान संग्रहांत येतात. परिसंवाद, ललित लेख, मुलाखती मात्र बहुतेक वेळा त्या अंकातच राहतात, आणि अंक कपाटात.

ग्रंथपाल ताईंना कोणी विचारलं की अमक्याचा लेख कुठल्या अंकात आहे, तर त्या आठवणीवर सांगतात. बरोबरही सांगतात. आज चहा घेताना म्हणाल्या, "मी आहे तोवर ठीक आहे गं. नंतर?"

सूची पूर्वी एकदा झाली होती. एका हौशी सभासदाने वेबसाइट केली, तीनेकशे अंक चढवले. पुढे तो परगावी गेला, होस्टिंगचे पैसे भरायचे राहिले, पासवर्ड त्याच्या एकट्याच्या ईमेलवर, आणि एक दिवस साइट उघडेना. नोंदींची साधी प्रिंटही कोणी काढून ठेवली नव्हती. कार्यवाह अण्णा ही हकीकत सांगताना अजून हळहळतात. वर्षभराचं काम होतं ते.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर एकच नियम लिहिला: माझा लॅपटॉप बंद असला तरी सूची चालू राहिली पाहिजे. पुढचा प्रत्येक निर्णय याच्यावर घासून घ्यायचा.

२ जून, रविवार

स्टॅटिक साइट करायची हे नक्की. वाचक येतो तेव्हा सर्व्हरवर काही शिजवायचं नाही; पानं आधीच तयार करून ठेवायची. डेटाबेस नाही, प्लगइन नाहीत, दर महिन्याला अपडेट करत बसायला नको. आमच्या सूचीत रोज फार तर पाच-दहा ओळींची भर पडणार, त्याला हेच योग्य.

पानं बांधून देणारा प्रोग्राम, म्हणजे जनरेटर, म्हणून ह्यूगो घेतला. जेकिल आणि इलेव्हन्टी हेही असेच जनरेटर, पण जेकिलला आधी रुबी बसवावी लागते, इलेव्हन्टीला नोड आणि त्याच्यामागे पॅकेजांची रांग. ह्यूगो गो भाषेत लिहिलेला आहे, २०१३पासून चालू आहे, आणि एकाच फाईलचा प्रोग्राम म्हणून मिळतो. ती फाईल जपून ठेवली तर पाच वर्षांनी दुसरं कोणीही हीच साइट जशीच्या तशी बांधू शकेल. वेगाबद्दल लोक फार बोलतात, पण मला ही गोष्ट जास्त मोलाची वाटते.

साइट ठेवायला गिटहब पेजेस; गिटहब ही फायली आणि त्यांच्या बदलांचा इतिहास सांभाळणारी वेबसेवा, आणि पेजेस ही तिची साइट दाखवायची सोय. सार्वजनिक रिपॉझिटरीसाठी (प्रकल्पाच्या फायलींचा साठा) पेजेस आणि ॲक्शन्स (ठरवलेली कामं आपोआप करणारी सोय) दोन्ही मोफत आहेत. साइटला १ जीबीची मर्यादा आहे, आमची सूची त्याच्या जवळपासही जाणार नाही. स्वतःचं डोमेन घ्यावं का यावर अण्णांशी बोलले. डोमेनला दर वर्षी पैसे, म्हणजे कोणाचं तरी कार्ड, म्हणजे पुन्हा एका माणसावर भिस्त. नको ठरलं. गिटहबचा मोफत पत्ता लांब आहे, पण तो कोणी भरायला विसरलं म्हणून बंद पडत नाही.

खातं वाचनालयाच्या ईमेलवर उघडलं, त्यात एक ऑर्गनायझेशन केलं, आणि मालक दोन ठेवले: वाचनालयाचं खातं आणि माझं. दुहेरी पडताळणीचे रिकव्हरी कोड छापले, पाकिटात घातले, पाकिटावर अण्णांनी सही केली आणि ते दाखल नोंदवह्यांच्या कपाटात गेलं. आजच्या दिवसाचं सगळ्यात महत्त्वाचं काम मला हेच वाटतं.

८ जून, शनिवार

पाऊस सुरू झाला. दुपारी दोन तास लाईट नव्हती, तेवढ्यात ताईंबरोबर माळ्यावर बसून पहिले वीस अंक पाहिले.

१९६८च्या एका अंकाची अनुक्रमणिका डोळ्यांसमोर आहे. दोन पिना गंजून पानाला तपकिरी डाग पडलेले, आणि कसरीने खालच्या डाव्या कोपऱ्यातून आत रस्ता काढत अनुक्रमणिकेतली चार नावं खाल्लेली. शीर्षकं शाबूत, लेखक गेले. ताईंनी अंक उलटा धरून आतल्या पानांवरून नावं एकेक करून परत लिहून काढली. "कसर पहिलं आणि शेवटचं पान आधी खाते. अनुक्रमणिका नेमकी तिथेच असते," त्या म्हणाल्या. सूची का करायची याचं याहून चांगलं कारण माझ्याजवळ नाही.

काय टाकायचं आणि काय नाही तेही ठरलं. अंकाचं नाव, वर्ष, संपादक, दाखल क्रमांक, कपाट, आणि अनुक्रमणिकेतली प्रत्येक नोंद. अंकातला मजकूर नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याने लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो, आणि आमच्या कपाटातले बहुतेक लेखक त्या मुदतीच्या आतले. मुखपृष्ठांचे फोटोही नाहीत. ज्याला वाचायचं त्याने वाचनालयात यावं. अंक हातात घ्यायला मिळेल.

९ जून, रविवार

पहिली पुश (लॅपटॉपवरच्या फायली गिटहबवर चढवणं), पहिली फजिती. एक तयार थीम सबमॉड्यूल म्हणून, म्हणजे दुसऱ्या रिपॉझिटरीचा नुसता दुवा म्हणून, जोडली होती. लॅपटॉपवर १३१३ पोर्टवर साइट व्यवस्थित दिसत होती. गिटहबवर पुश केली, ॲक्शन्समध्ये हिरवी खूण आली, आणि पत्ता उघडला तर ४०४, म्हणजे पानच सापडत नाही.

तासाभराने उलगडलं. रनरवर (ॲक्शन्सची कामं करणारा गिटहबचा संगणक) रिपॉझिटरी उतरवताना सबमॉड्यूलही उतरवा असं सांगावं लागतं. मी सांगितलं नव्हतं, त्यामुळे थीमचा फोल्डर होता पण रिकामा. ह्यूगोला पानांचे साचे मिळाले नाहीत, त्याने नुसती ताकीद दिली, साइटमॅपसारख्या दोन-तीन फायली बांधल्या आणि यशस्वी म्हणून कळवलं. पुढच्या पायरीने तो जवळजवळ रिकामा फोल्डर इमानदारीने वर चढवला.

दोन गोष्टी केल्या. ह्यूगोला ताकीद मिळाली की तिथेच थांबायला सांगणारा पर्याय आहे, पॅनिक-ऑन-वॉर्निंग. तो बिल्डच्या आज्ञेत घातला. आणि थीम काढूनच टाकली. आम्हाला हवेत पानांचे चार साचे: मुखपान, अंक, लेखक, शोध. ते मी स्वतः लिहीन. परक्या थीममधलं एखादं बटण दोन वर्षांनी बदललं म्हणून ताईंची साइट का अडावी?

१५ जून, शनिवार

साचे लिहून झाले. लॅपटॉपवर रंगरूप ठीक, गिटहबवर पान उघडंबोडकं, एकही स्टाइल लागलेली नाही. कारण पत्त्यात. आमची साइट मूळ पत्त्यावर नसून रिपॉझिटरीच्या नावाच्या उपफोल्डरमध्ये आहे. स्टाइलशीटच्या मार्गाच्या सुरुवातीला मी तिरकी रेघ दिली होती. ती असली की ह्यूगोचं रेल-यूआरएल फंक्शन उपफोल्डर सोडून थेट मूळ पत्त्यापासून मोजायला लागतं. रेघ काढली, लागलं. चारही साच्यांतल्या बावीस जागा तपासल्या.

वाचनालयाच्या इमारतीचा फोटोही फक्त माझ्याकडेच दिसत होता. फाईलचं शेपूट कॅमेऱ्याने मोठ्या अक्षरांत दिलेलं, साच्यात मी लहान अक्षरांत लिहिलेलं. माझ्या लॅपटॉपला दोन्ही सारखंच, रनरवरच्या लिनक्सला नाही. यापुढे सगळ्या फायलींची नावं लहान अक्षरांत.

१९ जून, बुधवार, रात्री

पुण्यातून. ऑफिसनंतर दोन तास मिळतात तेवढेच.

मुख्य प्रश्न: ताईंनी नोंद कुठे करायची? गिटहबवर मार्कडाउन फाईल (खुणा घातलेली साध्या मजकुराची फाईल) उघडून वरच्या भागात दोन ठिपके नि अवतरणचिन्हं सांभाळत लिहा, असं त्यांना सांगणं अन्याय्य आहे. त्या पाच वर्षांपासून वर्गणीचा हिशेब गुगल शीटमध्ये ठेवतात, फोनवरून. मग सूचीही तिथेच. एक ओळ म्हणजे अनुक्रमणिकेतली एक नोंद.

आणि इथे योग जुळून आला. ह्यूगोने मे महिन्यात ०.१२६ आवृत्तीत कंटेंट ॲडॅप्टर आणले आहेत. फोल्डरमध्ये एक साचा ठेवायचा, तो सीएसव्ही (शीटची साध्या मजकुरातली प्रत) वाचतो आणि प्रत्येक ओळीचं पान स्वतः तयार करतो. आधी हे करायला वेगळी स्क्रिप्ट लिहून शेकडो मार्कडाउन फायली पाडाव्या लागायच्या. आता एका फाईलमध्ये पंधरा-वीस ओळी. रात्री साडेअकराला पहिले वीस अंक, २६७ नोंदी, लॅपटॉपवर पानं होऊन उभ्या राहिल्या. ताईंना फोन करायची वेळ नव्हती म्हणून स्क्रीनशॉट पाठवून ठेवला.

२२ जून, शनिवार

आज दिवसभर वर्कफ्लो, म्हणजे ॲक्शन्सने क्रमाने करायच्या कामांची यादी. रिपॉझिटरीच्या गिटहब फोल्डरमधल्या एका यॅमल फाईलमध्ये सगळं आहे. क्रम असा: रिपॉझिटरी उतरव, शीटमधून सीएसव्ही आण, तपास, बदल असेल तर त्याची प्रत रिपॉझिटरीत कमिट कर (इतिहासात नोंदव), ठरलेल्या आवृत्तीचा ह्यूगो बसव, साइट बांध, पेजेसवर चढव.

सीएसव्ही ह्यूगोने थेट इंटरनेटवरून उचलायची सोय आहे, पण मी प्रत रिपॉझिटरीत ठेवायचं ठरवलं. शीट उद्या पुसली गेली तरी कालची सूची जागेवर राहते, आणि कुठली ओळ कधी बदलली याचा इतिहास आपोआप जमतो. मागच्या वेळी नेमकं हेच नव्हतं.

वर्कफ्लो तीन प्रसंगी चालतो: मी काही पुश केलं की, रोज रात्री ठरलेल्या वेळी, आणि कोणी हाताने बटण दाबलं की. रात्रीची वेळ क्रॉनच्या (वेळापत्रकाच्या) ओळीत "१५ २०" अशी आहे, म्हणजे २० वाजून १५ मिनिटं. गिटहब ती यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, धरतं, आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे पावणेदोन. तासाच्या ठोक्याला सगळ्या जगाची कामं एकदम सुरू होतात आणि उशीर होतो, म्हणून ठोक्याची वेळ टाळली.

एक शंका होती की वर्कफ्लोनेच केलेली कमिट पुन्हा वर्कफ्लो सुरू करेल आणि चक्र लागेल. तसं होत नाही. गिटहब देतं त्या तात्पुरत्या टोकनने (परवान्याने) केलेल्या पुशवर नवी फेरी सुरू होत नाही. म्हणूनच कमिट आणि बांधणी एकाच फेरीत ठेवली.

२९ जून, शनिवार

ताईंनी आठवड्यात १४ अंक चढवले. त्यांचा वेग पाहून मला लाज वाटण्याऐवजी हुरूप आला.

वर्षांची गडबड सापडली. फोनचा मराठी कळफलक देवनागरी आकडे देतो, लॅपटॉप रोमन. एकाच स्तंभात दोन्ही. वर्षानुसार लावलं की रोमन आकड्यांतली सगळी वर्षं आधी, देवनागरीतली सगळी नंतर. १९८१च्या पाठोपाठ १९५९. ताईंनी काय टंकावं हे मी सांगणार नाही. तपासणीच्या पायरीत सगळे आकडे आधी एका लिपीत आणते, क्रम लावते, आणि छापताना परत देवनागरी करते. दाखल क्रमांकांच्या सुरुवातीची शून्यं शीट गिळत होतं. तो स्तंभ साधा मजकूर केला.

६ जुलै, शनिवार

आजची नोंद लांब होणार, कारण आज अक्षरांत शिरले.

शोधपानावर "ॲ"ने सुरू होणारं एक शीर्षक टाकलं तर सापडेना. यादीत मात्र ते डोळ्यांना दिसत होतं. दोन्ही अक्षरं शेजारी ठेवून कोड पाहिले. ताईंच्या फोनने "अ" आणि वरचा चंद्र अशी दोन चिन्हं जोडून लिहिलं होतं, माझ्या कळफलकाने एकच सबंध "ॲ". हे सबंध अक्षर युनिकोडमध्ये (अक्षरांना कोड देणारं जागतिक मानक) २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं; त्याआधीचं टंकन आणि आजही काही कळफलक जोडूनच लिहितात. दिसायला तंतोतंत एक, संगणकाला दोन. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही (सारखी रूपं एक करायची पद्धत) त्यांना एक मानत नाही, तो नियम स्वतः लिहावा लागला.

मग "वाऱ्या"मधला अर्धा र. तो "ऱ"चा पाय मोडूनही येतो, आणि साध्या "र"पुढे न दिसणारं जोडचिन्ह टाकूनही येतो. "सुऱ्या", "दऱ्या", "कोऱ्या" असले शब्द शीर्षकांत पुष्कळ. शोधण्याआधी दोन्हीकडचा मजकूर एका रूपात आणायचा, उरलेली न दिसणारी चिन्हं गाळायची, असा छोटा गाळणा लिहिला. सूची बांधतानाही तोच, वाचकाने टंकल्यावरही तोच.

अकारविल्हे क्रमाचंही तसंच. ब्राउझर साध्या पद्धतीने अक्षरांच्या कोडनुसार लावतो. त्यात "ळ" "ल"च्या लगेच मागे येतो, म्हणून "बाळ" आधी आणि "बाहुली" नंतर. "क्ष" "क"मध्ये विरघळतो. आणि सबंध "ॲ"चा कोड तर आकड्यांच्याही पुढचा, त्यामुळे ती शीर्षकं यादीच्या अगदी तळाशी. ताईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "हा क्रम आपला नाही." त्यांनी कागदावर वर्णमाला लिहून दिली: स्वर, "अ"पाठोपाठ "ॲ", मग "क"पासून "ह", मग "ळ", "क्ष", "ज्ञ". मी तो कागदच तक्ता म्हणून कोडमध्ये उतरवला. आता यादी त्यांच्या कार्डांच्या खणासारखी लागते.

शेवटचं काम दोन रोमन अक्षरांचं, पानाच्या भाषेच्या कोडचं. पानाची भाषा मी घाईत हिंदी ठेवली होती. बदलून मराठी केली आणि पान ताजं केलं तर "ल" आणि "श" वेगळे झाले. नोटो सान्स देवनागरी फॉन्टमध्ये या अक्षरांची मराठी वळणं आहेत, पण पान मराठी आहे असं सांगितल्याशिवाय तो ती काढत नाही. पाकळ्यांचा "ल" दिसला तेव्हा पान एकदम घरचं वाटायला लागलं. फॉन्टची फाईल आमच्याच साइटवर ठेवली आहे.

१४ जुलै, रविवार

लेखकांची पानं. ज्या नावाने छापलं तेच नाव नोंदीत ठेवायचं, हा ताईंचा आग्रह आणि तो बरोबर आहे. पण मग वि. वा. शिरवाडकर एका पानावर आणि कुसुमाग्रज दुसऱ्या, चिं. त्र्यं. खानोलकर इकडे, आरती प्रभू तिकडे. ग्रेस आणि माणिक गोडघाटे वेगळे. वाचनालयांच्या कार्डांवर यासाठी जुनी सोय आहेच, "पहा". शीटमध्ये "लेखक" नावाचं दुसरं पान केलं; त्यात प्रत्येक नावापुढे "हेही पहा" असा स्तंभ. दोन्ही पानं स्वतंत्र राहतात आणि एकमेकांकडे बोट दाखवतात. ज्या नावाने कवीने लिहिलं ते नाव आम्ही पुसणार नाही.

"वि. वा." आणि "वि.वा." यांतल्या मोकळ्या जागेमुळे एकाच लेखकाची दोन पानं होत होती. तपासणीत तेही सारखं करून घेतलं.

पत्त्यांसाठी देवनागरी नको ठरलं. दुव्याची नक्कल करून व्हॉट्सॲपवर पाठवली की देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाची तीन बाइट, आणि प्रत्येक बाइटची टक्के-चिन्हासह तीन अक्षरं होतात. नुसत्या "दिवाळी"ची ५४. तो दुवा पाहून वडीलधारी माणसं उघडायला घाबरतात. अंकाच्या पानाला दाखल क्रमांक, लेखकाच्या पानाला रोमन लिपीतलं छोटं नाव.

२१ जुलै, रविवार

सकाळी साइट उघडली तर सूची कोरी. वर मथळा, खाली शून्य अंक. ॲक्शन्समध्ये हिरवी खूण.

शनिवारी वर्गणीच्या हिशेबाची शीट बाहेर दिसू नये म्हणून अण्णांच्या पुतण्याने शेअरिंग बंद केलं. त्याचा हेतू चांगला होता, पण चुकून सूचीचीही शीट बंद झाली. रात्री वर्कफ्लो गेला तेव्हा त्याला सीएसव्हीऐवजी लॉगिनचं पान मिळालं. पान व्यवस्थित मिळालं म्हणजे डाउनलोड यशस्वी. ते पान सीएसव्हीच्या नावाने जतन झालं, कमिट झालं, आणि त्यातून ह्यूगोने शून्य अंकांची साइट बांधली. माझ्या तपासणीत आकडे आणि अक्षरं होती. मुळात ही सूचीच आहे का, हे विचारणारं काही नव्हतं.

मागची कमिट परत आणायला दोन मिनिटं लागली. प्रत रिपॉझिटरीत ठेवली होती त्याचा उपयोग पहिल्या महिन्यातच झाला. मग दोन अटी लिहिल्या. पहिल्या ओळीत ठरलेले स्तंभ ठरलेल्या क्रमाने असलेच पाहिजेत. आणि ओळींची संख्या कालच्यापेक्षा वीसहून जास्त घटली तर थांबायचं. थांबताना कारण मराठीत लिहायचं. वर्कफ्लोच्या पायरीतून चूक झाल्याचा संदेश देता येतो, तो फेरीच्या पानावर लाल अक्षरांत ठळक दिसतो. आता तिथे येतं: "शीटमध्ये 'वर्ष' हा स्तंभ सापडला नाही. पहिली ओळ तपासा." किंवा "शीट उघडली नाही. शेअरिंग तपासा."

१५ ऑगस्ट, गुरुवार

झेंडावंदनाची सूचना मी काल रात्री अकराला मार्कडाउन फाईल करून पुश केली, तारीख १५ ऑगस्ट. आज सकाळी सातला ती साइटवर नव्हती.

पुढच्या तारखेचं पान ह्यूगो प्रकाशित करत नाही. तारखेपुढे वेळ नसेल तर मध्यरात्र धरतो, आणि तीही यूटीसी. म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचपर्यंत १५ ऑगस्ट उजाडतच नाही, आणि आमची रात्रीची फेरी पावणेदोनला. ह्यूगोच्या मांडणीत टाइमझोन "एशिया/कोलकाता" केला.

पण खरी चूक वेगळी होती आणि ती ताईंनी दाखवली: कार्यक्रमाची सूचना कार्यक्रमाच्या दिवशी दिसून काय उपयोग? आता सूचनेला दोन तारखा आहेत, लावल्याची आणि कार्यक्रमाची. प्रकाशन पहिलीवर.

२४ ऑगस्ट, शनिवार

नियमाच्या कसोटीला बसून सगळं पुन्हा पाहिलं: मी नाही असं धरून कुठे अडेल?

एक. सार्वजनिक रिपॉझिटरीत ६० दिवस काहीच हालचाल झाली नाही तर गिटहब वेळापत्रकावरच्या फेऱ्या बंद करतं. ताई आजारी पडल्या, दोन महिने शीटमध्ये भर पडली नाही, तर सूची गुपचूप झोपेल. म्हणून दर महिन्याच्या १ तारखेला वर्कफ्लो "शेवटची तपासणी" अशी तारीख एका फाईलमध्ये लिहून कमिट करतो. तीच तारीख साइटच्या तळाशी छापते, म्हणजे वाचकालाही कळतं की सूची जिवंत आहे.

दोन. वेळापत्रकावरची फेरी फसली तर ईमेल कोणाला जातं? क्रॉनची ओळ ज्याने शेवटची बदलली त्याला. म्हणजे मला, फक्त मला. जुन्या साइटची गोष्ट अशीच सुरू झाली होती. वाचनालयाच्या खात्याने आत जाऊन क्रॉनची ओळ पाच मिनिटांनी पुढे नेली आणि जतन केली. आता ईमेल वाचनालयाच्या पत्त्यावर येईल. तो ताईंच्या फोनवर आहे.

ताईंसाठी एक पान लिहून छापलं, प्लास्टिकच्या आवरणात घालून टेबलाच्या काचेखाली ठेवलं. लाल फुली दिसली तर काय पाहायचं, हाताने फेरी चालवायचं बटण कुठे आहे. दोनदा त्यांच्याकडून करून घेतलं. दुसऱ्यांदा मी खोलीबाहेर थांबले.

६ सप्टेंबर, शुक्रवार

उद्या गणेश चतुर्थी. पुण्याहून रात्रीची एसटी, घाटात नेटवर्क नाही. निघताना सूचीत १८६ अंक होते.

चाकरमानी येऊ लागलेत, वाचनालयाच्या फलकावर अण्णांनी साइटचा पत्ता खडूने लिहिला आहे. क्यूआर कोड छापून चिकटवला तोही त्यांनीच, मला न विचारता.

१० सप्टेंबर, मंगळवार

गौरी आल्या. घरच्या गडबडीत तीन दिवस लॅपटॉप उघडला नव्हता. आज दुपारी कमिटचा इतिहास पाहिला.

७ तारखेच्या रात्री फेरी फसलेली. कोणीतरी शीटमध्ये "वर्ष"च्या आधी "शेरा" असा नवा स्तंभ घातला होता, आणि वर्कफ्लोने मराठीत कारण देऊन काम थांबवलं होतं. साइटवर आदल्या दिवशीची सूची तशीच उभी. ८ तारखेला सकाळी ९ वाजून १० मिनिटांनी वाचनालयाच्या खात्यावरून हाताने चालवलेली फेरी, हिरवी. त्यात नव्या ११ अंकांच्या नोंदी. मला फोन नाही, मेसेज नाही.

संध्याकाळी आरतीला ताई भेटल्या. विचारलं तर म्हणाल्या, "शेरा शेवटच्या स्तंभात हलवला. कसरीने खाल्लेलं पान कुठलं ते लिहायला जागा हवी होती ना." शेऱ्याचा स्तंभ साच्यात घ्यायचा आहे; अंकाच्या पानावर तो अनुक्रमणिकेच्या खाली येईल. तिसऱ्या कपाटाचे खालचे दोन खण अजून उघडलेले नाहीत, तिथे ओल आहे. विसर्जनानंतर अंक आधी उन्हाला लावायचे, मग नोंदी.